जेन ऑस्टिन यांचा वाढदिवस ग्रंथालयं का साजरा करतात?

१६ डिसेंबर २०२५ रोजी इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन यांच्या जन्माला २५० वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्ताने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी कार्यक्रम ठेवले. कुठे कादंबऱ्यांचं वाचन आणि चर्चा, कुठे त्यांच्यावरचे चित्रपट, कुठे पिसाच्या लेखणीने पत्र लिहिण्याची कार्यशाळा, तर कुठे त्या काळचे कपडे घालून नाच आणि चहापान. यातले बरेचसे कार्यक्रम विनामूल्य असतात.

पण दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या लेखिकेचा वाढदिवस लोकांच्या करातून चालणाऱ्या ग्रंथालयांनी का साजरा करावा? याचं उत्तर ऑस्टिन यांच्या लोकप्रियतेत आहेच, पण त्यांच्या काळातल्या पुस्तकांच्या किमतीतही आहे.

कोण होत्या जेन ऑस्टिन?

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात, स्टीव्हन्टन या गावी १७७५ साली एका धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११), 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३), 'मॅन्सफिल्ड पार्क' (१८१४) आणि 'एमा' (१८१५) या कादंबऱ्या त्यांच्या हयातीत आल्या. १८१७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी त्या गेल्या. 'नॉर्थँगर ॲबी' आणि 'पर्सुएशन' त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या.

लग्न, पैसा आणि वारसाहक्क यांच्या कात्रीत सापडलेल्या मुली हा त्यांचा विषय. आपल्याकडे अनेकांना त्या सिनेमातून माहीत आहेत. सोनम कपूरचा 'आयशा' (२०१०) 'एमा'वर बेतलेला होता, तर ऐश्वर्या रायचा तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' (२०००) 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर.

तेव्हा पुस्तक विकत घेणं किती कठीण होतं?

'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे तीन खंड मिळून किंमत होती १८ शिलिंग. साध्या शेतमजुराची आठवड्याची मजुरीही एवढी नसे. खुद्द लेखिकेला या कादंबरीचे सगळे हक्क विकून ११० पौंड मिळाले. पुढे तिच्या आवृत्त्या निघाल्या, पण त्यांचा फायदा प्रकाशकाच्या खिशात गेला.

मग या कादंबऱ्या वाचल्या कोणी? इथे 'सर्क्युलेटिंग लायब्ररी' येते. ठरावीक वर्गणी भरायची, पुस्तक घरी न्यायचं आणि वाचून परत करायचं. आपल्याकडच्या वर्गणीच्या वाचनालयासारखीच ही पद्धत. कादंबरी तीन खंडांत असली की एकाच वेळी तीन वाचकांना एकेक खंड देता येई, त्यामुळे वाचनालयांनाही तीन खंड सोयीचे पडत.

ऑस्टिन स्वतः अशा वाचनालयाच्या वर्गणीदार होत्या. डिसेंबर १७९८ मध्ये बहीण कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मिसेस मार्टिन नावाच्या बाई सुरू करत असलेल्या वाचनालयाचा उल्लेख केला आहे. आमच्याकडे फक्त कादंबऱ्या नसतील, अशी ग्वाही या बाईंनी दिली होती. त्यावर ऑस्टिन यांचा शेरा असा, की आमच्या घराला याची गरज नव्हती; आम्ही कादंबऱ्या आवडीने वाचतो आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही.

लाज वाटण्याचा प्रश्न कुठून आला?

त्या काळी कादंबरी हे हलकं, बायकांचं डोकं बिघडवणारं वाचन मानलं जाई. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले मिस्टर कॉलिन्स समोरचं पुस्तक वाचनालयातलं आहे हे पाहूनच दचकतात आणि मुलींना प्रवचनं वाचून दाखवायला घेतात. 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये तर लेखिका कथा थांबवून कादंबरीची बाजू मांडते.

लेखिका म्हणून नाव छापणंही सोपं नव्हतं. पहिल्या कादंबरीवर 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढंच होतं. हयातीत त्यांच्या एकाही पुस्तकावर त्यांचं नाव आलं नाही. मृत्यूनंतर भाऊ हेन्री यांनी ते जाहीर केलं. विंचेस्टर कॅथीड्रलमधल्या त्यांच्या थडग्यावरच्या मजकुरात त्या कादंबऱ्या लिहीत, याचा उल्लेखच नाही. लेखनाचा उल्लेख असलेली पितळी पाटी तिथे लागली ती १८७२ मध्ये.

सार्वजनिक ग्रंथालयं कधी आली?

करातून ग्रंथालय चालवण्याची मुभा नगरपालिकांना देणारा कायदा ब्रिटनमध्ये १८५० साली झाला. म्हणजे ऑस्टिन यांच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी. तोपर्यंत १८३३ च्या सुमारास त्यांच्या कादंबऱ्यांच्या सहा शिलिंगांच्या एकखंडी आवृत्त्या आल्या होत्या. तरी वाद संपला नाही. लोकांच्या पैशातून कादंबऱ्या घ्याव्यात का, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रंथपालांमध्ये चर्चा सुरू होती. आज त्याच ग्रंथालयांत एका कादंबरीकार बाईच्या नावाने केक कापला जातो, हा बदल लहान नाही.

ग्रंथालयांना यातून काय मिळतं?

पहिली गोष्ट सोय. ऑस्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आता कॉपीराइट नाही. त्यांचं जाहीर वाचन करायला किंवा त्यावर नाटुकलं बसवायला कोणाची परवानगी लागत नाही, मानधन द्यावं लागत नाही. दुसरी गोष्ट नवे वाचक. सिनेमा पाहून आलेला माणूस जाताना पुस्तक नेतो, जमलं तर सभासदही होतो.

तिसरं कारण अस्तित्वाचं. २०१० नंतर सरकारी खर्चकपातीत ब्रिटनमधली शेकडो सार्वजनिक ग्रंथालयं बंद झाली किंवा स्वयंसेवकांच्या हाती सोपवली गेली. आपल्या दारात माणसं येतात, हे दाखवणं उरलेल्या ग्रंथालयांसाठी गरजेचं झालं आहे.

मात्र एक दिवसाच्या गर्दीने ग्रंथालय टिकत नाही. मिसेस मार्टिन यांचा धंदा बुडाल्याची बातमी ऑस्टिन यांच्याच १८०० सालच्या पत्रात सापडते. वाचनालय सुरू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पुस्तक विकत घेणं परवडत नसलेल्या माणसाच्या हाती ते पोहोचवायचं, तर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीही ग्रंथालयाचं दार उघडं असावं लागतं, पुस्तक काढून देणारा ग्रंथपाल जागेवर असावा लागतो. त्याचा खर्च केक आणि चहापेक्षा कितीतरी जास्त आहे.