चिन्हांची वाट, भाग ६ : मरियेची साडी

गेल्या आठवड्यात वसईच्या घंटांची गोष्ट झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर, मेणवली अशा देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया ओतलेली आहे. त्या घंटेचा कुणाला विटाळ झाल्याचं ऐकिवात नाही. मात्र विसाव्या शतकात एका ख्रिस्ती चित्रकाराने मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्याचे धर्मबंधूच उखडले.

हा चित्रकार म्हणजे आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो इस्तेवचा. मुंबईला डॉक्टरी शिकायला आला, ती सोडून जे. जे. कलाशाळेत गेला आणि तिथलं युरोपीय वळण रुचेना म्हणून थेट शांतिनिकेतनात, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली दाखल झाला. गोव्यात परतल्यावर त्याने सावळी, साडीतली मरिया रंगवायला घेतली. हा धर्माचा अपमान आहे, अशी ओरड झाली. शेवटी त्याला आसरा मिळाला तो पुण्यातल्या एका ख्रिस्ती आश्रमात.

कोळवणच्या चिन्मय विभूतीमुळे मुळशीकरांना आश्रम नवा नाही, पण शिवाजीनगरात ख्रिस्ती आश्रम आहे हे पौडमार्गे रोज पुण्याला जाणाऱ्यांनाही ठाऊक असेलच असं नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ काढला. अंगावर खादी, जेवण भुईवर मांडी घालून, भारतीय आणि युरोपीय एका पंगतीला. याच संघातून पुढे पुण्याचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम उभा राहिला. आश्रम अँग्लिकन, फोन्सेका कॅथलिक. तरी तो तिथेच राहिला आणि चित्रं काढत राहिला. लग्नानंतर पत्नी आयव्ही हीच त्याच्या मरियेची मॉडेल झाली. १९६७ मध्ये तो गेला.

या चित्रांना इतिहासाच्या ओळीत बसवलं ते मॅथ्यू लेडर्ले या जेझुइट पंथाच्या जर्मन धर्मगुरू-अभ्यासकाने. पुण्याच्या ‘स्नेहसदन’ या संस्थेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ चा, तर भारतातल्या ख्रिस्ती चित्रकलेवरचं पुस्तक १९८७ मध्ये मुंबईच्या हेरास संस्थेने काढलं. धर्मगुरूने लिहिलेलं म्हणून ते फक्त भाविकांसाठी असेल, असं समजून बाजूला ठेवण्यासारखं मुळीच नाही.

ही चित्रकथा इंग्रजी अमलातल्या मिशनऱ्यांपासून सुरू होत नाही. गोव्याहून निघालेले जेझुइट १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले आणि त्यांनी अकबराला अनेक भाषांमध्ये छापलेलं बायबल भेट दिलं. बादशहाने पागोटं उतरवलं, एकेक खंड डोक्याला लावला, त्याचं चुंबन घेतलं. त्या खंडांतली कोरीव चित्रं मुघल कारखान्यातल्या हिंदू-मुसलमान चिताऱ्यांनी न्याहाळली आणि आपल्या पद्धतीने उतरवली. बाप्तिस्मा काही अकबराने घेतला नाही. चित्रं मात्र तिथे रुजली.

दक्षिणेत दुसराच प्रयोग चालू होता. १६०६ मध्ये मदुरेला गेलेल्या रोबेर्तो दे नोबिली यांनी भगवं नेसलं, गंध लावलं, शेंडी-जानव्याला मुभा दिली. त्यांच्या नावाचं कॉलेज आज पुण्यात आहे. त्यांच्यावर तक्रारी झाल्या, त्या पार रोमपर्यंत गेल्या आणि १६२३ मध्ये पोपने या खुणांना परवानगी दिली. त्या धार्मिक नसून सामाजिक आहेत, असा युक्तिवाद मान्य झाला. १७४४ मध्ये दुसऱ्या पोपने अशा प्रथांना, म्हणजे ‘मलबारी रिवाजां’ना, कडक लगाम घातला. १९६९ मध्ये वारं पुन्हा फिरलं आणि आरती, समई, अनवाणी उपासना, चुंबनाऐवजी हात जोडणं अशा बारा गोष्टींना रोमने संमती दिली. कधी हो, कधी नको; शिक्का प्रत्येक वेळी रोमचाच.

या संमतीवर भारतातल्याच अनेक कॅथलिकांनी नाकं मुरडली. त्यांना मागासलेले म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं. गोव्यातल्या घराच्या ओटीवर निळा झगा घातलेली मरिया चार शतकं आहे. आजी-पणजी तिच्यापुढे रोझरी म्हणत आल्या. त्या कुटुंबाला ती परदेशी कशी वाटावी? उलट अचानक आलेली साडीतली बाईच परकी वाटणार. फोन्सेकाच्या चित्रांत जिव्हाळा अपार आहे, तरी त्याच्या टीकाकारांच्या दुखण्यातही खोटं काही नव्हतं.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे आणि ती महाराष्ट्राला थेट लागू पडते. नगर, जालना भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. जानवं, गंध, संस्कृत मंत्र हेच भारतीयत्व धरलं, तर ज्या घराचं दार त्यांच्या आज्यांना बंद होतं, त्याच घराची सजावट चर्चमध्ये आणून ठेवण्यासारखं ते झालं. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मविचाराची मांडणी केली आणि त्यातून दलित धर्मशास्त्राचा प्रवाह सुरू झाला. भारतीय ख्रिस्ती चिंतनाने उच्चवर्णीयांच्या चौकटीतच भारत पाहिला, हा त्याचा मुख्य आक्षेप. आश्रमांच्या बाजूने याला समाधानकारक उत्तर क्वचितच आलं.

फोन्सेकाची बरीच चित्रं २००६ मध्ये आयव्हींनी पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. ज्या गोव्याने त्याला नाकारलं, तिथेच आता अभ्यासक ती पाहायला जातात.

नगरकडच्या खेड्यांत मात्र एक भारतीय वळण फारसं कुठे न अडखळता रुळलं, ते म्हणजे टाळ-मृदंगाचं. अभंग आणि कीर्तन ऐकायला जानवं लागत नव्हतं, की पोपची परवानगीही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे बरोबर हेरलं. त्यांच्या ‘देवाच्या दरबारा’ची हकीकत पुढच्या भागात.