ही सुरी कशासाठी?

हस्तिदंताची किंवा पोवळ्याची लांब, सडपातळ मूठ आणि पुढे जेमतेम बोटाएवढे पोलादी पाते. अशी नक्षीदार जुनी सुरी पाहिली की कुणी तिला खंजीर म्हणते, कुणी फळे कापायची सुरी. पण भोसकायला ती फार नाजूक आणि फळांसाठी पाते तोकडे. ही आहे कलमतराश, म्हणजे बोरू तासायची सुरी.

उस्मानी तुर्कस्तानात कातिबाच्या साहित्यात ती असे. सोबत ‘मक्ता’ नावाची हस्तिदंती किंवा शिंपल्याची पट्टी. तिच्यावर बोरू ठेवून टोक तिरपे छाटायचे, मधोमध चीर द्यायची. त्या टोकाने उमटणारा नुक्ता हेच अक्षराचे माप. अलिफची उंची त्यावरच ठरते. बगदादच्या इब्न मुकलाने दहाव्या शतकात ही शिस्त घालून दिली. टोक बिघडले की सारे खत बिघडले. म्हणूनच पाते घडवणारे उस्ताद त्यावर आपला ठसा उमटवत.

कुरआनच्या ६८व्या सूरहचे नाव ‘अल-कलम’. तिच्या आरंभीच लेखणीची शपथ आहे. आमचे एवढेच सांगणे : घरात अशी सुरी निघाली तर तिला धार लावू नका, घासू नका, ठसा पुसला जाईल. मुलांना दाखवा आणि सांगा, अशा सुरीने तासलेल्या बोरूंनी कुरआनच्या प्रती लिहिल्या गेल्या.