फीडमध्ये फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो

‘मथळे आले, फोटो काही येईनात. पायथनला मोबाइलवर हे जमतच नाही.’

नाशिकला तंत्रज्ञानाचे प्रयोग नवे नाहीत. 2015च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने, मूळचे नाशिकचेच असलेले एमआयटीचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे ‘कुंभथॉन’ हा उपक्रम उभा राहिला आणि शहराचे प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवण्याची गोडी अनेक विद्यार्थ्यांना लागली. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदावरीवरच्या रामकुंडाच्या बातम्या फोटोंसह दाखवणारे ॲप ‘किवी’ ही लायब्ररी वापरून पायथनमध्ये लिहावे, असे कुणालाही वाटेल. त्या वाटेवर वरचे वाक्य हमखास ऐकू येते, आणि ते साफ चूक आहे.

अशा ॲपला बातम्या संकेतस्थळांच्या आरएसएस फीडमधून मिळतात, आणि हे फीड म्हणजे निव्वळ मजकूर. त्यात फोटो कधीच नसतो, फोटो कुठे ठेवला आहे तो पत्ता असतो. आरएसएस 2.0च्या नियमांत ‘एन्क्लोजर’ या खुणेला तीन गोष्टी सक्तीच्या आहेत: पत्ता, फाइलचा आकार बाइटमध्ये आणि फाइलचा प्रकार. पण प्रत्येक संकेतस्थळ एन्क्लोजर देतेच असे नाही. कुणी ‘मीडिया थंबनेल’, म्हणजे छोट्या फोटोचा पत्ता, देते, तर कुणी बातमीच्या सारांशातल्या एचटीएमएलमध्ये फोटोचा पत्ता दडवून ठेवते. फीड वाचणाऱ्या ‘फीडपार्सर’ या पायथन लायब्ररीने सगळे नीट वाचूनही एन्क्लोजरची यादी रिकामी येते ती यामुळे. तिथे पायथनला दोष देणे हा अन्याय आहे. सारांश उघडून पत्ता शोधायला हवा.

पत्ता हाती आला की दुसरी चूक ठरलेली. किवीचे साधे ‘इमेज’ विजेट फोनमधल्या फाइलसाठी आहे. इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी ‘असिंकइमेज’ वेगळे दिलेले आहे. ते मागच्या मागे फोटो उतरवते आणि तोवर पडदा गोठू देत नाही. किवीच्या दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिले आहे. ते पान उघडायला दोन मिनिटे पुरतात, तरी लोक दोन-दोन दिवस कोड उलटापालटा करत बसतात!

‘लॅपटॉपवर चालते, म्हणजे फोनवरही चालणारच.’ नाही. फोनसाठी ॲप बांधून देणाऱ्या ‘बिल्डोझर’च्या स्पेक फाइलमध्ये इंटरनेटची परवानगी लिहावी लागते आणि एचटीटीपीएससाठी ‘सर्टिफाय’ हे पॅकेज गरजांच्या यादीत घालावे लागते. लॅपटॉपवर या दोन्ही गोष्टींवाचून अडत नाही, म्हणून त्या आठवतही नाहीत.

‘फोटो 3 एमबीचा आहे, मेमरीही तेवढीच लागेल.’ हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. 4000 बाय 3000 पिक्सेलचा जेपीईजी पडद्यावर आणताना उलगडला जातो. 1 कोटी 20 लाख पिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 4 कोटी 80 लाख बाइट. गोदाघाटाचे असे दहा फोटो एका यादीत लावले की स्वस्तातल्या फोनवर ॲप बंद पडण्याची पाळी येते. फीडमध्ये थंबनेल असेल तर यादीत तेच दाखवावे आणि मोठा फोटो बोट टेकल्यावर मागवावा.

‘एकदा उतरलेला फोटो फोनमध्ये राहतो.’ नाही. किवीचा फोटो उतरवणारा लोडर तो फक्त मेमरीत, तोही थोडाच वेळ ठेवतो. कायमचा हवा तर फाइल आपणच साठवायची.

मराठी मथळ्यांच्या जागी चौकोन दिसले तर फीड बिघडलेले नसते. किवीच्या मूळच्या रोबोटो फाँटमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत.