जुन्या फियाटच्या बंपरला गंज का चढतो? गेलेली चकाकी परत कशी आणतात?

वाशीम, कारंजा किंवा रिसोडमध्ये एखाद्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आजोबांच्या काळातली फियाट उभी असेल, तर नजर आधी जाते ती बंपरकडे. एकेकाळी ज्यात चेहरा दिसायचा, त्यावर आता तपकिरी ठिपके असतात. पॉलिशपेपर घेऊन घासायला बसावे, असा मोह होतो. पण इथेच बंपरचे कायमचे नुकसान होऊ शकते.

सगळे ज्याला फियाट म्हणतात, ती प्रीमियर पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तर अॅम्बेसेडरचे २०१४ मध्ये. त्यामुळे मूळ भाग बिघडला, तर तसाच दुसरा शोधणे सोपे नाही.

ही चकाकी असते कशाची?

बंपर लोखंडी पत्र्याचा असतो. त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा आणि शेवटी क्रोमचा थर चढवतात. अनेकदा निकेलच्या खाली तांब्याचाही थर असतो. सर्वात वरचा क्रोमचा थर साधारणपणे एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड! गंजापासून खरे संरक्षण निकेल देते. क्रोम त्या निकेलला पिवळे पडू देत नाही.

या थराला बारीक छिद्र पडले की ओलावा आत शिरतो. शेडच्या पत्र्यावरचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. निकेलचे उलटे आहे. ते शाबूत राहते आणि छिद्राखालचे लोखंड जास्त वेगाने गंजते. गाडीशेजारी खताची पोती असतील, तर पोटॅशसारख्या खतातले क्षार ही क्रिया आणखी वाढवतात.

आधी धातू ओळखा

गाडीवरची प्रत्येक चमकदार वस्तू क्रोमची नसते. एक साधे चुंबक लावून पाहा.

• चुंबक घट्ट चिकटले: बहुधा क्रोम चढवलेले लोखंड. बंपर याच प्रकारात येतो.
• चिकटले नाही, भाग हलका आहे, पांढुरका थर दिसतो: बहुधा अॅल्युमिनियम. काचेभोवतीची पट्टी अनेकदा याची असते. धुण्याच्या सोड्याने ती काळी पडते.
• चिकटले नाही, भाग जड आहे, पृष्ठभागावर फोड आलेत: जस्ताचा ओतीव भाग असू शकतो. काही हँडल आणि नावाच्या पट्ट्या अशा असतात. अॅसिडमध्ये त्या विरघळू लागतात.

स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना कधी चुंबक चिकटते, कधी नाही. त्यांच्यावर मुलामा नसतो, त्यामुळे त्या बफिंगने पुन्हा चमकतात.

घरी काय करता येते?

क्रोमवर फक्त वरवरचे ठिपके असतील, तर आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढा. मग स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असते, त्यामुळे ओरखडे पडण्याची भीती कमी. शेवटी कोरड्या कापडाने पुसून मेण लावा.

पॉलिशपेपर, तारेची घासणी आणि संडास साफ करायचे अॅसिड मात्र लांबच ठेवा. अॅसिड गंजाबरोबर क्रोमही खाते. चंदेरी स्प्रेने आरशासारखी चमक येत नाही.

थरच उडाला असेल तर?

मग पुन्हा मुलामा देणे हाच उपाय. तांब्या-पितळेच्या भांड्यांना दारात बसून कल्हई करता येते, क्रोमचे तसे नाही. जुना थर उतरवायचा, पोचे काढायचे, खड्डे भरायचे, घासून आरसा करायचा आणि मग एकेक थर चढवायचा. खरी मेहनत घासण्यात असते, कारण क्रोम काहीच झाकत नाही; खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो.

पारंपरिक पद्धतीच्या टाकीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे आणि त्याची वाफ कामगारांच्या फुप्फुसात जाते. सांडपाणी प्रक्रिया न करता सोडले, तर विहिरीचे पाणी नासते. म्हणून काम देताना दराबरोबरच सांडपाण्याचे काय करतात, हेही विचारावे. ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा तुलनेने कमी घातक पर्यायही आता वापरला जातो.

बंपर देण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढा आणि नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा. आणि ठिपके किरकोळ असतील, तर ते राहू द्यायलाही हरकत नाही. कारखान्यातून आलेला मूळ थर एकदा उतरवला की तो परत मिळत नाही.