पुन्हा वापरता येणारे छोटे अग्निबाण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अग्निबाण उड्डाणानंतर उभ्यानेच जमिनीवर उतरवण्याची किमया स्पेसएक्सने प्रथम केली, हा समज आता जवळपास सर्वमान्य झाला आहे. उपग्रह कक्षेत नेणाऱ्या अग्निबाणाचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये त्या कंपनीने सुखरूप उतरवला आणि तो मान निर्विवादपणे तिचाच आहे. तथापि डीसी-एक्स या प्रायोगिक यानाने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे १९९३ मध्येच हे करून दाखवले होते, आणि मधल्या काळात ज्या मोजक्या छोट्या कंपन्यांनी हे तंत्र जिवंत ठेवले, त्यांत डेव्हिड मास्टेन यांनी २००४ मध्ये स्थापन केलेल्या, कॅलिफोर्नियातील मोहावी येथून काम करणाऱ्या मास्टेन स्पेस सिस्टिम्सचे स्थान महत्त्वाचे आहे.

या कंपनीची याने अवकाशात पोहोचलीच नाहीत, म्हणून ती प्रदर्शनीय खेळण्यांपलीकडची नव्हती, असेही मानले जाते. वस्तुतः त्यांचा अभ्यासविषय उंची नव्हे, तर अवतरण हा होता. नासाच्या पारितोषिकासाठी २००९ मध्ये झालेल्या चांद्र-अवतरण स्पर्धेत यानाने ५० मीटर उंची गाठून, १८० सेकंद हवेत राहून, चंद्रासारख्या खडकाळ पृष्ठभागावर उतरायचे आणि इंधन भरून पुन्हा मूळ जागी परतायचे होते. मास्टेनच्या ‘झोई’ने लक्ष्यबिंदूपासून सरासरी सुमारे १९ सेंटिमीटर अंतरावर उतरून दहा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळवले.

इंजिनाची थोरवी केवळ त्याच्या रेट्यावर, म्हणजे वर ढकलणाऱ्या बलावर, मोजणे हा याहून खोलवर रुजलेला गैरसमज होय. इंधन जळत जाते तसे यान हलके होते आणि रेटा त्या प्रमाणात कमी करता आला नाही, तर उतरू पाहणारे यान उलट वर जाऊ लागते; म्हणूनच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणाऱ्या मास्टेनच्या ‘झोम्बी’ या यानाच्या इंजिनात झडपांद्वारे प्रवाह क्षणोक्षणी कमीअधिक करावा लागे, आणि तोल सावरण्यासाठी इंजिन गरजेप्रमाणे किंचित कलवावे लागे. यात चुकीला किती कमी वाव असतो, हे २०१२ मध्ये दिसले: सुमारे एक किलोमीटर उंचीवरून उतरताना झडप अडकल्याने कंपनीचे एक यान नष्ट झाले. मात्र ते त्याचे ११०वे उड्डाण होते, हेही तितकेच ध्यानात घेण्याजोगे आहे. पुनर्वापर याचा अर्थ देखभालीतून सुटका असा नसून, तेच यंत्र तपासून, इंधन भरून, थोड्या खर्चात पुनःपुन्हा उडवता येणे असा आहे. चाचणीची खरी किंमत तेथेच कमी होते.

जुलै २०२२ मध्ये मास्टेनने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मालमत्ता ॲस्ट्रोबोटिक या कंपनीने घेतली, त्यावरून सारा खटाटोप फुकट गेला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. डिसेंबर २०१४ मध्ये ‘झोम्बी’ने नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची उपकरणे घेऊन ३२५ मीटरपर्यंत झेप घेतली होती, खाली दिसणाऱ्या भूभागाची छायाचित्रे नकाशाशी ताडून स्वतःचे स्थान ओळखणारी प्रणाली त्या उड्डाणात पारखली गेली, आणि त्याच प्रणालीच्या विकसित रूपाने फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हिरन्स या बग्गीला मंगळावरील जेझेरो विवराच्या खडकाळ, उंचसखल भागात सुरक्षित जागी उतरवले.