सातासमुद्रापारचा खरवस आणि आरेच्या मैत्रिणी

मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थायिक झाली, की निवृत्तीनंतर आईवडिलांनी तिकडे राहायला जाणे आता नवलाईचे राहिलेले नाही. निघताना औषधे, विम्याचे कागद, स्वेटर यांची यादी काटेकोरपणे होते. प्रकृतीशी तितकाच संबंध असलेल्या दोन गोष्टी मात्र यादीत नसतात. एक म्हणजे हातची चव आणि दुसरी जुनी मैत्री.

मुंबईत गोरेगावच्या आरे कॉलनीचे उदाहरण घेऊ. शहरातील गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली ही दुग्धवसाहत वसवली गेली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोठा जवळ असला की चीक मिळणार, आणि चीक आला की खरवस होणारच. वासराचे पोट भरल्यावर उरलेला चीक ओळखीच्या घरी पोचवायचा, ही गोठ्याशेजारची जुनी रीत. पहिल्या दिवसाचा चीक दाट असतो, त्यात दूध जास्त मिसळावे लागते; तिसऱ्या दिवशी थोडेच. प्रमाण जमले की नाही हे पाहायला आधी वाटीभर वाफवून बघतात. कुणाकडे गूळ तर कुणाकडे साखर, कुठे वेलदोडा तर कुठे जायफळ. हा अंदाज पुस्तकात नसतो. तो शेजारणीकडून शेजारणीकडे जातो.

परदेशात चीक सहसा दुकानात मिळत नाही. दुधाचे पदार्थ सोबत नेण्यावरही अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. मग खरवस विसरायचा का? मुळीच नाही. चिकात रोगप्रतिकारक प्रथिने भरपूर असतात आणि ती उष्णतेने गोठतात, म्हणून चीक नुसता वाफवला तरी घट्ट होतो. साधे दूध कितीही उकळले तरी तसे गोठत नाही. त्याला आंबटपणा लागतो. म्हणूनच दूध, घट्ट दही आणि कंडेन्स्ड मिल्क समप्रमाणात फेटून वीस-पंचवीस मिनिटे वाफवले, की खरवसासारखी वडी पडते.

मात्र मधुमेहींनी जपावे. गोड कंडेन्स्ड मिल्कच्या ४०० ग्रॅमच्या डब्यात दुधातली धरून २०० ग्रॅमहून अधिक साखर असते. त्याऐवजी दूध पावडर घालून साखर बेताची ठेवावी आणि एका लहान वडीवर थांबावे. पापड-लोणच्यांचेही तसेच. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा परदेशातही लागू आहे.

आता दुसरी गोष्ट, मैत्रीची. वय वाढते तशी चव आणि भूक दोन्ही मंदावतात. त्यात मुले कामावर, नातवंडे शाळेत आणि दुपारचे ताट एकट्याचे. मग दुपारी चहा-बिस्किटावर भागवले जाते. जगात सहापैकी एक माणूस एकाकी आहे आणि एकाकीपणाशी संबंधित कारणांनी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जूनमध्ये सांगितले. म्हणजे मैत्रिणीचा फोन ही चैन नव्हे, पथ्याचाच भाग आहे.

आरेच्या रस्त्यावर सकाळी फिरणाऱ्या मैत्रिणींचे सात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. आठवड्यातून दोन वार ठरवून घ्यावेत. ‘कशी आहेस?’ या प्रश्नावर बोलणे दोन मिनिटांत संपते. ‘तुझ्या खरवसात दही किती?’ म्हटले की अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

जाण्यापूर्वी एवढे करावे:

● घरातल्या दहा पदार्थांची वही करावी. ‘अंदाजाने’ न लिहिता वाटी-चमच्याचे माप द्यावे. पदार्थ कुणाकडून शिकलात, तेही लिहावे.

● मसाला नेताना त्या देशाचे नियम पाहावेत. गोड्या मसाल्यातली खसखस दुबई आणि सिंगापूरला चालत नाही.

● तिथे आठवड्यातून एकदा नातवंडांना हाताशी घेऊन एक पदार्थ करावा आणि शेजारी वाटीभर द्यावा. नवी ओळख अशीच होते.

● गावातले महाराष्ट्र मंडळ शोधावे. लंडनचे मंडळ तर १९३२ पासूनचे आहे.

घरच्यांनीही लक्ष ठेवावे. काही कारण नसताना सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्के घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेले, तर ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. आणि आईने स्वयंपाकघरात काही करायला घेतले, तर ‘तू बस, आराम कर’ असे म्हणू नये. तिच्या बाजूला उभे राहून दही फेटायला घ्यावे.