खिडक्या मोजणारा मॅक्रो कमी का मोजतो?

अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचे दरपत्रक देताना ऑटोकॅडच्या नकाशातील खिडक्या एक्सेलच्या मॅक्रोने मोजल्या की वेळ वाचतो. पण समजा, नकाशात ४० खिडक्या असून तक्त्यात ३१च उतरल्या! मॅक्रो कोठे अडकत नाही, चूक दाखवत नाही. म्हणूनच हा दोष घातक. ९ खिडक्यांचा माल पदरचा घालावा लागतो.

ऑटोकॅड २००६ पासून डायनॅमिक ब्लॉक आले. खिडकी अशा ब्लॉकची असेल आणि तिची रुंदी ताणून बदलली, तर त्या ब्लॉकला '*यू'ने सुरू होणारे निनावी नाव मिळते. मॅक्रो 'नेम' वाचत असेल तर ती खिडकी सुटते. तेथे 'इफेक्टिव्हनेम' लिहावे. मूळ नाव मिळते. तरीही दर भरण्यापूर्वी एका मजल्याच्या खिडक्या नकाशावर बोट ठेवून मोजाव्यात.